दुसऱ्याच्या खिडकीत

बाई, ब्रश पाण्यात घातलेत, आतली भिंत वाळायला वेळ आहे, आणि आज दवाखाना बंद म्हणालात. तर जरा बसा, एक गोष्ट सांगतो. गोष्टीत एक माणूस आहे आणि एक घर आहे, आणि घर त्या माणसाचं नाही. कुणाचं ते तुम्हाला लगेच कळेल, म्हणून उत्सुकता वगैरे ताणत बसत नाही. तुम्ही दातांच्या डॉक्टर. तुमच्यापुढं लोक तोंड उघडतात ते दुखतं म्हणूनच. माझंही तसंच समजा. फक्त तुम्ही आत्ता हात केलात ना, 'बसा की पेंटर' म्हणून, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसणार नाही. हा माझा शिडीचा घोडा बरा, याची पायरी माझ्या बुडाला ओळखते. कपड्यांना रंग आहे म्हणून नाही म्हणत. त्या खुर्चीत मी आधी बसलोय. बसलोय, फोटो काढून घेतलाय, आणि ते घर माझं आहे असं माझ्या सगळ्या गोतावळ्याला वाटू दिलंय. झालं, सांगून टाकलं. आता उरलेलं हळूहळू सांगतो, कारण एवढं एकच वाक्य ऐकलंत तर तुम्ही मला चोर म्हणाल, आणि सगळं ऐकल्यावर काय म्हणाल ते मला ठाऊक नाही.

काल सकाळी मी दाढी करत होतो. तोंडाला फेस, हातात वस्तरा, आणि फोन वाजला. माझे हात ओले, म्हणून बायकोनं फोन उचलून मोठ्या आवाजावर टाकला आणि आरशाखाली ठेवला. पलीकडं मेहुणा, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, दुसऱ्या गावी असतात ते. एरवी चार वाक्यं बोलला तर त्यात दोन थट्टेची. काल एकही नाही. म्हणाला, "दादा, रविवारी आम्ही दोघं येतोय. तुमचं घर बघायला." मी म्हटलं, "या की. घर काय बघायचंय, माणसं बघायला या." तर म्हणाला, "नाही दादा, घरच बघायचंय. हिला एकदा डोळ्यांनी बघून घेऊ दे, म्हणजे डोक्यातलं जाईल तरी. हिनं पडदे काढून टाकलेत. स्वतः शिवलेले. म्हणते, दादाच्या खिडकीला पडदासुद्धा लागत नाही, नुसता उजेड, आणि आपल्या खिडकीत गॅरेजची भिंत. शेजारीण आली तर दारातूनच बोलते, आत या म्हणत नाही. तुम्ही रागावू नका, पण तुमचा फोटो आला ना दादा, की त्या दिवशी आमच्याकडं जेवताना कुणी बोलत नाही." वस्तरा गालावरच थांबला होता माझा. अर्धा चेहरा झालेला, अर्धा फेसात. आरशात तो अर्धा माणूस माझ्याकडं बघत होता आणि मला वाटलं, याचा उरलेला अर्धा असाच फेसाखाली राहिलेला बरा. मी "हां, हां, या" एवढंच म्हटलं. फोन बंद झाला. आणि मागून बायकोनं विचारलं, "कुठलं घर?"

वाजला तर उचलून देते, एरवी ती फोनच्या वाटेला जात नाही. म्हणते, मला बोलायचं असेल तर मी दार उघडून बोलते. त्यामुळं तिनं काही पाहिलेलं नव्हतं. मी दाखवलं. दाखवण्याशिवाय इलाज नव्हता. तिनं पदराला हात पुसले, फोन लांब धरला, औषधाच्या बाटलीवरचं वाचताना धरते तसा. पहिला फोटो. ही खिडकी, ही खुर्ची, मी. "खुर्ची चांगली आहे," म्हणाली. दुसरा. परत खुर्ची, शेजारी तुमची कुंडी, माझा इस्त्रीचा शर्ट. ती बघत राहिली. मग म्हणाली, "मी आत स्वयंपाकघरात असेन ना तेव्हा?" तिसरा फोटो स्वयंपाकघराचाच होता. मी ओट्याला टेकून, हातात तुमचा निळा कप. तो तिनं जास्त वेळ पाहिला. "इथंही नाही मी," ती म्हणाली. "बाजारात गेले असेन." आणि फोन माझ्या हातात देऊन दूध बघायला गेली. बाई, आमच्या संसारात भांडी आपटली गेली आहेत, चार-चार दिवस अबोला झालाय, एकदा तर तिनं माझा डबा खिडकीतून खाली टाकलाय, डाळीसकट. त्यातलं काही मला लागलं नाही. पण 'बाजारात गेले असेन' हे म्हणताना ती जरा हसली, आणि ते हसणं काल सकाळपासून माझ्या मानेत बसलंय, शिडीवरून वर बघून बघून मान आखडते ना, तसं.

फोन मी घेतला होता धंद्यासाठी. गिऱ्हाइकाला दाखवायला, ही बघा अशी भिंत केली, हा असा कोपरा काढला. फोनमध्ये माझे मोजके लोक. बहीण, मेहुणा, मावशीची पोरं, जुने सोबती. आणि लंबू. लंबू आणि मी वीसेक वर्षं एका घोड्याच्या दोन टोकांना उभे राहून रंग मारला. छत त्याचं, खालचं माझं, कारण त्याला शिडी लागायचीच नाही. मग तो समुद्राकडच्या गावी गेला, तिथं रंगाचं दुकान टाकलं, आणि त्याचे फोटो यायला लागले. लंबू होडीत. लंबू नव्या गाडीला टेकून. लंबूची बायको काळा चष्मा लावून. चांगला माणूस आहे हो, अंगावरचा शर्ट काढून देईल. पण काय झालं, संध्याकाळी घरी गेलो की आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसायचो. ती भाजी निवडायची, मी नखांतला रंग काढायचो. बोलायचो असं काही नाही. समोरच्या भिंतीवरचं मांजर कुठून कुठं गेलं एवढंच. मला त्या बसण्यात कधी काही कमी आहे असं वाटलं नव्हतं, आणि जास्त आहे असंही वाटलं नव्हतं. पायाखालची पायरी आहे हे कुणी रोज मोजतं का? आणि लंबूची ती होडी आली, आणि मला पायरी दिसली. फुटलेली. मांजर दिसलं, खरुजलेलं. बायको दिसली, घरातल्या जुन्या साडीत. एका दिवसात काही बदललं नव्हतं हो. मीच होडीत बसून बघायला लागलो होतो.

तर थंडीच्या आधी तुमची ही बाहेरची खोली केली तेव्हाची गोष्ट; आतल्या खोल्या तेव्हापासून एकेक करून चालल्यात. दुसरा हात मारून झाला होता, भिंत अशी सुरेख उतरली होती, की वायरमन आला होता ना तुमचे दिवे बसवायला, तोही म्हणाला, "पेंटर, तुम्ही बसाच तिथं, तुमच्या भिंतीपुढं तुमचा एक फोटो काढतो." मी बसलो. ऊन आत आलेलं. त्यानं काढला, मी टाकला. मनात काही नव्हतं, आईची शपथ. भिंत दाखवायची होती. पण भिंत कुणी पाहिलीच नाही. लगेच लंबूचं आलं, "राजे, बसलात की हो गादीवर. घर घेतलंत आणि सांगितलं नाही?" मी लिहायला घेतलं, 'अरे, बाईंचं घर आहे, काम चालू आहे.' माझं लिहिणं तुम्हाला माहीत आहे, एका बोटानं, अक्षर शोधत, तांदूळ निवडल्यासारखं. 'अरे बाईं' एवढं होईपर्यंत मावशीचा मोठा आला, "दादा, कष्टाचं चीज झालं." मग बहीण आली. "दादा, मला रडूच आलं बघ. आपल्यातल्या कुणाला तरी एवढी मोठी खिडकी मिळाली." मी ते वाचलं. आणि बोटानं मागं मागं येत 'अरे बाईं' पुसून टाकलं. मी खोटं बोललो नाही. मी नुसता गप्प बसलो. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्याची कडा झिजलीय. कारण पहिला फोटो घडला, बाई. दुसरा मी काढला.

दुसऱ्याच्या वेळी वायरमन नव्हता. तुम्ही दवाखान्यात. मी घरी जाताना घालायचा शर्ट कामाच्या आधीच घातला. नखं टर्पेंटाइननं घासली, कातडी लाल होईपर्यंत. जमिनीवरचं प्लास्टिक फक्त खुर्चीपुरतं गुंडाळलं, फोटोत येईल तेवढंच. कुंडी आतून आणली. फोन या घोड्याच्याच पायरीवर टेकवला, जिथं आत्ता बसलोय. फोटोत एक निवांत माणूस खिडकीबाहेर बघतोय. आणि त्याच्या समोर, फोटोत न येणारं, बादल्या, पुट्टीची घमेली, रोलर, माझा खरा शर्ट खुंटीला. त्या दिवशी खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही. मी बघतच नव्हतो. मी बघणाऱ्यासारखा दिसत होतो. आणि एक सांगू का, त्या खुर्चीत बसून मला सुख असं काही झालंच नाही. पाठ ताठ, कान दाराकडं. चोराच्या मनात चांदणं. माझ्या फुटक्या पायरीवर मी कितीदा तरी डुलकी काढलीय. इथं मला नीट श्वास घेता येईना.

बहिणीचं मात्र सांगायला हवं. ती काजं-बटणं करते एका शिंप्याकडं. हात असा बारीक चालतो, की शर्ट उलटा केला तरी कळायचं नाही कुठून सुई गेली. पूर्वी तिचेच फोटो जास्त असायचे. आणि कसले, तर दाराच्या उंबऱ्यावर झोपलेलं कुत्रं. नवा पडदा. पडद्यातून आलेली उन्हाची पट्टी आणि त्यात मेहुण्याचा पाय. "दादा, बघ तुझा मेहुणा कसा लोळतोय, व्हॅनपेक्षा जास्त जागा लागते याला." मी ते बघायचो आणि विसरायचो. माझ्या खुर्चीनंतर ते कमी झाले. पडदे गेले, कुत्रं गेलं, मेहुण्याचा पाय गेला. उरलं ते फक्त माझ्या फोटोखाली, "छान दादा." मग नुसतं "छान." मला कळलं नाही असं म्हणणार होतो, पण कळलं होतं. कळलं होतं आणि बरंही वाटलं होतं, थोडं. लंबूनं मला जिथं नेऊन बसवलं होतं, तिथं मी आणखी कुणाला तरी बसवलं, म्हणजे मी एक पायरी वर. ही माझी लाज आहे, बाई. खुर्ची, कप, ती सगळी वरवरची. खाली खरवडत गेलं की हे आहे.

लहानपणी आम्ही एका खोलीत. माणसं बरीच, खोली एवढीशी. एकच पलंग, त्यावर बाप. पलंगाखालची जागा धाकटीची. तिनं खडूनं जमिनीवर चौकोन काढला होता आणि त्याला ती घर म्हणायची. एक उलटा डबा, त्यावर चिंधी. मी शाळा बुडवून आलो की मला बोलवायची. "दादा, आत ये. वाकून ये, दार लहान आहे." मी पोटावर सरकत जायचो. डोक्याला पलंगाच्या पट्ट्या लागायच्या, वर बापानं कूस बदलली की धूळ पडायची. आणि ती, इतकीशी, मला म्हणायची, "प्रशस्त आहे ना?" हा शब्द तिला कुठं सापडला होता देव जाणे. थोरल्या भावानं एकदा चिडवलं, म्हणाला, उंदीर पण इथं राहणार नाही. तर म्हणाली, "त्याला कुणी बोलावलंय?" अशी होती. पलंगाखाली जिला प्रशस्त वाटायचं, तिला आज दोन खोल्या लाजेच्या वाटतात, आणि ते काही दुष्काळानं केलं नाही, आगीनं केलं नाही. मी केलं, इस्त्रीचा शर्ट घालून.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाक तिला. काल दुपारी केला मी फोन. ती कामावर होती, मागं मशीनचा आवाज. मी म्हटलं, "धाकटे, ऐक. ते घर माझं नाही. गिऱ्हाइकाचं आहे." ती हसली. "दादा, ह्यांनी फोन केला होता ना तुला? सांगितलं ना पडद्यांचं? तू पहिल्यापासून असाच. पाटी फुटली माझ्या हातून की म्हणायचास मी फोडली. आता माझ्यासाठी स्वतःचं घर पण नाही म्हणतोस." मी म्हटलं, "अगं, खरंच." ती म्हणाली, "राहू दे रे. मला वाईट वाटत नाही. तू मोठा झालास याचं मला वाईट कसं वाटेल? मला फक्त माझ्या घरात नीट वाटत नाही, त्याला तू काय करणार?" आणि ठेवला. बघा म्हणजे. चार महिने खोटं गपचूप चाललं, आणि खरं बोललो तर ते माझ्या चांगुलपणात जमा झालं. मी फोन हातात घेऊन उभा. बायको म्हणाली, "काय म्हणाली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "भोगा आता, चांगले आहात म्हणून."

संध्याकाळी पायरीवर बसलो. पुष्कळ दिवसांनी. ती आली नाही, आत होती. आमच्या स्वयंपाकघराची भिंत तुम्ही पाहिली नाहीत, पाहिलीत तर हसाल. दुनियेच्या भिंती रंगवतो, आणि घरी उरलेल्या रंगाची ठिगळं. जिथं जिथं काम केलं तिथला रंग उरला की हातभर मारून बघायचा, कसा उतरतो. वकिलाचा हिरवा. कुठल्या तरी बँकेचा राखाडी. शाळेचा पिवळा. बायको त्यांना तशाच नावांनी ओळखते. चमचे वकिलावर टांगते, तवा शाळेवर. तुमच्या या भिंतीचा रंगही आहे, गॅसच्या वर. तो मारला त्या दिवशी ती म्हणाली होती, "हा चांगला आहे. पोट भरल्यासारखा दिसतो." मी तेव्हा ऐकलंच नाही, फोनमध्ये होतो. काल पायरीवरून आत वळून बघितलं, तर ती त्या ठिगळाखाली उभी राहून पोळ्या लाटत होती, खांदा हलत होता, आणि वाफेनं तो रंग ओला दिसत होता, नुकता मारल्यासारखा. इथं या मोठ्या भिंतीवर मी तो कधी असा पाहिला नाही. माझ्या वाट्याला हातभर आलाय आणि तो पुरतोय, एवढं मला दिसलं. पण ते दिसून मला बरं वाटलं असं म्हणवत नाही. तिच्या जवळ जाऊन उभं राहायचं धाडस झालं नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखा बसून होतो.

आणि आज सकाळी इकडं यायला निघालो ना, बाई, तेव्हा डोक्यात काय होतं ते आता सांगतो. हे मला सांगायचं नव्हतं. रविवारी तुम्ही मुलीकडं जाता. मी वाटेत सगळं जुळवत आलो. घोडा, बादल्या जिन्यात ठेवायच्या. प्लास्टिक गुंडाळायचं. बायकोला कसंही करून आणायचं, हातापाया पडून, एक दुपार फक्त. बहिणीला खिडकीत बसवायचं, निळ्या कपात चहा द्यायचा. एकदा डोळ्यांनी बघितलं की जाईल डोक्यातलं, मेहुणाच म्हणाला होता. म्हणजे बघा, काल एवढी लाज वाटलेला माणूस आज सकाळी त्याच लाजेवर दुसरा हात मारायला निघाला होता. रंगाऱ्याला हेच येतं, ओल दिसली की वरून रंग. मी दार वाजवलं, तुम्ही उघडलंत, आणि मी काही बोलायच्या आत तुम्हीच म्हणालात, "पेंटर, रविवारी मी नाही. किल्ली तुमच्याकडं राहू दे, तुम्ही काय परके आहात?" आणि हातावर ठेवलीत. तुमचा हात कोरडा होता, माझा घामेजलेला. तुम्ही चहा टाकायला आत गेलात, आणि मी तिथंच उभा. एवढा वेळ मी जी भिंत मारली ती दोनदा मारली, तुमच्या लक्षात आलं असेल, कारण पहिल्यांदा कुठून सुरू केलं तेच विसरलो.

ही घ्या किल्ली. नाही, घ्या. आणि रागवायचं असेल तर रागवा, तो तुमचा हक्क आहे, तुमच्या घरात मी माझं नाव लावून हिंडलो. काम पुरं करू नको म्हणालात तर आत्ता बादल्या उचलतो. पण एक मागणं आहे. रविवारी मुलीकडं जाऊ नका. निदान दुपारपर्यंत थांबा. मी बहिणीला घेऊन इथं येईन. मेहुणा असेल. बायकोला आज घरी गेल्यावर विचारीन, ती 'बघू' म्हणेल, म्हणजे येईल. मी बाहेरून घंटी वाजवीन. तोंडानं सांगून ती मानत नाही, तिला बघू दे, की मी घंटी वाजवून थांबतो, चपला काढतो, आणि दार दुसरं कुणी तरी उघडतं. तुम्ही उघडा. जे रोज म्हणता तेच म्हणा, "या पेंटर." मग मी बोलेन, तुमच्यासमोर, तिच्यासमोर, बायकोसमोर. मला शब्द सापडले नाहीत तर सापडू देत, घाई करू नका. फक्त एक, बाई. तुम्ही भल्या आहात. माझं तोंड बघून तुम्हाला कीव येईल, आणि तुमच्या तोंडून निघेल, 'अहो, यांचंच घर समजा.' ते म्हणू नका. त्या दिवशी मला सांभाळून घेऊ नका.